गाठी त्याच, जागा वेगळ्या

पालघर स्टेशनच्या पश्चिमेला, सातपाटीच्या किनाऱ्यावर, बोटी धक्क्याला लागल्या की जाळी दुरुस्त करणारी माणसं बसलेली दिसतात. जाळं गोळा होऊन मांडीवर पडलेलं असतं. फाटलेली जागा बोटांनी चाचपायची, सुटलेल्या गाठी पुन्हा मारायच्या. त्या वेळी बघायचं एवढंच, की कुठली गाठ कुठल्या गाठीशी दोऱ्याने बांधलेली आहे. ढिगात ती वर आहे की खाली, याने दुरुस्तीत काही फरक पडत नाही. तेच जाळं पाण्यात उतरलं की मात्र जागेला भाव येतो. एका दिशेने ताण बसला की जाळ्याची चौकोनी भोकं मिटून चिरेसारखी होतात; ताण सैल झाला की उघडतात. एकही गाठ सुटलेली नसते, एकही नवी पडलेली नसते, तरी कुठला मासा अडकणार आणि कुठला निसटणार हे बदललेलं असतं.

स्फटिकांच्या भौतिकशास्त्रात गेल्या काही वर्षांत जो एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला, तो असाच आहे. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडताना कोण कोणाशी जोडलेलं आहे एवढं सांगितलं की पुरतं, की कोण नेमकं कुठे बसलं आहे तेही सांगावं लागतं? उत्तर असं, की काही प्रश्नांना पहिलं पुरतं, काहींना नाही. आणि कोणता प्रश्न कोणत्या रांगेतला हे ओळखण्यात चांगल्या चांगल्या अभ्यासकांची गफलत झालेली आहे.

स्फटिक म्हणजे अणूंची अशी मांडणी, जिच्यातला एक लहान तुकडा सर्व दिशांना पुन्हा पुन्हा येतो. मिठाचा खडा हा स्फटिक, बोईसरच्या कारखान्यांतून निघणारं पोलाद म्हणजे बारीक स्फटिकांची गर्दी. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली, त्यांचं इंधनही स्फटिकच आहे. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत युरेनियम डायऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्या गोळीत डोकावता आलं, तर घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर युरेनियमचे अणू दिसतील, पोटात ऑक्सिजनचे. घनाची बाजू ०.५४७ नॅनोमीटर, एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आता त्यात इलेक्ट्रॉन सोडा. अणूभोवती इलेक्ट्रॉन ज्या ढगासारख्या आकारात वावरतो, त्याला ऑर्बिटल म्हणतात. शेजारच्या दोन अणूंचे ढग एकमेकांवर थोडे चढले, की इलेक्ट्रॉनला एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारता येते. प्रत्येक ऑर्बिटलची स्वतःची ऊर्जा किती आणि कुठल्या शेजाऱ्याकडे उडी किती सोपी, एवढी यादी हातात असली की स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला कोणकोणत्या ऊर्जा मिळू शकतात हे काढता येतं. या पद्धतीला टाइट बाइंडिंग असं नाव आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूला घट्ट बांधलेला आहे असं धरून सुरुवात करायची. फेलिक्स ब्लॉख या स्विस तरुणाने १९२८ मध्ये लाइपझिगला हायझेनबर्गच्या हाताखाली केलेल्या प्रबंधात तिचा पाया आहे. १९४७ मध्ये फिलिप वॉलेस यांनी ग्रॅफाइटच्या एका थराला ती लावली, आणि १९५४ मध्ये जॉन स्लेटर व जॉर्ज कोस्टर यांनी तिचे असे तक्ते करून दिले, की संगणकाच्या जमान्यातही ते वापरात आहेत.

पद्धतीला मर्यादा आहेत, आणि तारापूरची गोळीच त्याची साक्ष. युरेनियम डायऑक्साइडला हा साधा हिशेब लावला तर तो विजेचा वाहक ठरतो. प्रत्यक्षात तो विद्युतरोधक आहे, कारण त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतक्या जोराने दूर सारतात की उड्या जागच्या जागी अडतात. पण ती वेगळी गोष्ट झाली.

वरच्या यादीत एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे ऑर्बिटलची जागा. ऊर्जा आली, उड्या आल्या, पण अणू आवर्ती तुकड्यात नेमका कुठे आहे याचा उल्लेख नाही. जाळ्याच्या भाषेत, गाठी आणि दोरे नोंदले, पसरण नोंदली नाही.

तारापूर एमआयडीसीत पत्ता प्लॉट नंबरावर चालतो. एका प्लॉटवर तीन शेड असल्या, तरी पावतीवर प्लॉट एकच. कुठल्या प्लॉटमधल्या कुठल्या शेडमधून कुठे किती माल गेला, हा हिशेब प्लॉट नंबर आणि शेडच्या नावावर चोख लागतो. शेड फाटकाजवळ आहे की मागच्या भिंतीला, याची गरज पडत नाही. पण जुलैत धो धो पाऊस झाला आणि पाणी कुठे तुंबणार हे विचारलं, की प्लॉट नंबर कामाचा नाही. तिथे जमिनीचा उतार आणि प्रत्येक शेडची खरी जागा बघावी लागते. स्फटिकाला बॅटरी जोडणं म्हणजे असा उतार देणं होय. विद्युतक्षेत्रात दोन ऑर्बिटलच्या ऊर्जेत किती फरक पडेल हे त्यांच्यातल्या खऱ्या अंतरावर ठरतं.

गणितातही हे दोन्ही रिवाज आहेत. एका रिवाजात आवर्ती तुकड्यातले सगळे ऑर्बिटल तुकड्याच्या एकाच कोपऱ्यावर आहेत असं समजून सूत्र लिहितात. दुसऱ्यात प्रत्येकाची खरी जागा सूत्रात घालतात. पहिला रिवाज टापटिपीचा आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकांना आणि संगणकाच्या प्रोग्रामना तो आवडतो. दोन्हींतून निघणाऱ्या ऊर्जा अगदी सारख्या येतात, आणि इथेच माणूस फसतो. ऊर्जा जुळल्या, आलेख जुळला, म्हणजे सगळं जुळलं असं वाटतं.

जुळत नाही ते काय, हे कळायला सकाळची डहाणूहून विरारकडे निघालेली लोकल घेऊ. बोईसरला रात्रपाळी सुटलेले कामगार चढतात, पालघरला कॉलेजची मुलं, सफाळ्याला भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. समजा प्रत्येक स्टेशनात जितके चढले तितकेच उतरले. (पश्चिम रेल्वेच्या प्रवाशाला हे समजणं जड जाईल, तरी क्षणभर समजावं.) मग डब्यातली डोकी मोजणाऱ्याला वानगाव ते वैतरणा काहीच बदललं नाही असं दिसेल. पण आत बसलेल्याला माहीत असतं की दर स्टेशनाला डबा वेगळा होत गेला. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत डोकी म्हणजे ऊर्जा, स्टेशन म्हणजे त्याचा संवेग, आणि डब्यातली माणसं म्हणजे कुठल्या ऑर्बिटलवर तो किती आहे याचं मिश्रण. लागोपाठच्या दोन संवेगांना हे मिश्रण किती बदललं, याचं माप घेता येतं. त्या मापालाच क्वांटम अंतर म्हणतात, आणि अशा मापांच्या शास्त्राला क्वांटम भूमिती. हे अंतर नीट मांडलं प्रोव्हो आणि व्हाले या दोन फ्रेंच अभ्यासकांनी, १९८० मध्ये.

या भूमितीची दुसरी बाजू अंतराची नसून वळणाची आहे. बंद वाटेने फिरून पुन्हा मूळ जागी आलं, तर इलेक्ट्रॉनची लहर जराशी सरकलेली असते. मायकल बेरी यांनी १९८४ मध्ये ही गोष्ट सर्वसामान्य रूपात मांडली, म्हणून स्फटिकात जागोजागी असणाऱ्या या वळणाला बेरी वक्रता म्हणतात. पण तिची प्रकाशातली आवृत्ती १९५६ मध्येच बंगळुरात छापून झाली होती. रामन संशोधन संस्थेतले एस. पंचरत्नम तेव्हा बाविशीत होते, आणि त्यांनी ती स्फटिकातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करतानाच शोधली. पस्तिसाव्या वर्षी, १९६९ मध्ये, ते गेले. १९८६ मध्ये एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी हे नातं जगासमोर आणलं, आणि बेरी यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.

आता गफलतीकडे. ऑर्बिटलची जागा सूत्रात आली की मिश्रणातल्या प्रत्येक घटकाला एक कोन मिळतो, आणि तो कोन संवेगासोबत फिरत जातो. जागा बदलली की फिरण्याचा वेग बदलतो. मग लागोपाठच्या दोन मिश्रणांतला फरक, म्हणजे क्वांटम अंतर, बदलतं; बेरी वक्रताही जागोजागी बदलते. संपूर्ण संवेगक्षेत्रावरची वक्रतेची बेरीज मात्र तीच राहते. चेर्न संख्या नावाची ही बेरीज नेहमी पूर्णांक असते, आणि पूर्णांक हळूहळू सरकू शकत नाही. कुठली राशी जागेवर अवलंबून आणि कुठली नाही, याची नीट छाननी स्टीव्हन सायमन आणि मार्क रुडनर यांनी २०२० मध्ये करून दिली. टाइट बाइंडिंगची पद्धत तेव्हा नव्वदी ओलांडून गेली होती. एवढी साधी वाटणारी गोष्ट इतकी उशिरा स्वतंत्रपणे सांगावी लागली, कारण बहुतेकांना ऊर्जांपलीकडे बघायची वेळच आली नव्हती.

ती वेळ आणली सपाट पट्ट्यांनी. स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा पट्ट्यांनी येतात. सहसा पट्टा वरखाली होतो आणि त्याच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचा वेग ठरतो. काही रचनांमध्ये पट्टा पूर्ण सपाट असतो, वर सांगितलेल्या लोकलसारखा, दर स्टेशनाला डोकी तेवढीच. उतार नाही, म्हणजे वेग नाही.

अशा रचनांपैकी सर्वात नावाजलेलीचं नाव बुरुडकामातून आलेलं आहे. बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी विणल्या की मध्ये सहा कोनांची भोकं आणि त्यांच्याभोवती लहान त्रिकोण पडतात. जपानीत टोपलीला कागो आणि डोळ्याला मे म्हणतात; त्यावरून १९५१ मध्ये इतिरो स्योझी यांनी या जाळीला कागोमे म्हटलं. पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे अणू आहेत असं समजा. एका षट्कोनाच्या सहा अणूंवर इलेक्ट्रॉनची लहर आळीपाळीने अधिक, उणे, अधिक, उणे अशी ठेवली, तर बाहेरच्या प्रत्येक अणूला दोन शेजाऱ्यांकडून एक अधिक आणि एक उणे मिळतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. बाहेर पडायची वाट आहे, पण लहर बाहेर पडत नाही. इलेक्ट्रॉन एका भोकाभोवती कोंडला जातो. कोबाल्ट आणि कथिल यांच्या एका संयुगात कोबाल्टचे अणू असे बसलेले असतात. अमेरिकेच्या एमआयटीतले रिकार्डो कोमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच संयुगावर प्रकाश टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन तपासले, आणि २०२४ च्या अखेरीस त्याची क्वांटम भूमिती मोजल्याचं जाहीर केलं. कागदावरची राशी प्रयोगशाळेत आली.

पण उताराशिवाय वीज वाहते कशी? २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने ग्राफीनचे, म्हणजे एका अणूइतक्या जाड कार्बनचे, दोन थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने फिरवून ठेवले. थरांची जाळी अशी तिरपी पडली की त्यातून सुमारे १३ नॅनोमीटरची मोठी नक्षी उमटते. दुहेरी मच्छरदाणीवर उमटते तशी. पट्टे जवळजवळ सपाट होतात, आणि सुमारे पावणेदोन केल्विन तापमानाखाली हा पदार्थ अतिवाहक झाला, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्यावर आला. सपाट पट्ट्यातला इलेक्ट्रॉन एकटा हलत नाही. मग जोड्या करून हलतो कसा, याचं एक उत्तर तीन वर्षं आधीच तयार होतं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले सेबास्टियानो पेओत्ता आणि पायवी टर्मा यांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं, की सपाट पट्ट्यात अतिवाहक प्रवाहाचा जोर क्वांटम अंतरावरून ठरतो. डोकी तेवढीच राहिली तरी चालेल, माणसं बदलत असली की पुरे.

सूत्र देखणं होतं, आणि गाजलं. आणि त्यातच ऑर्बिटलच्या जागेने घोळ घातला.

घोळ असा. उड्यांची यादी तीच ठेवून मॉडेलमध्ये ऑर्बिटल इकडेतिकडे सरकवले, तर अतिवाहक प्रवाहाचा जोर बदलायला नको. तो पहिल्या रांगेतला प्रश्न आहे, गाठींचा. पण सूत्राच्या उजव्या बाजूला असलेलं क्वांटम अंतर जागेवर अवलंबून, म्हणजे ते बदलणार. डावी बाजू स्थिर आणि उजवी हलती, तर बरोबरीचं चिन्ह खोटं ठरतं. २०२२ मध्ये कुक्का-एमिलिया हुहतिनेन, स्वतः टर्मा, आणि प्रिन्स्टनचे आंद्रेई बर्नेविग व त्यांचे सहकारी यांनी ही गाठ सोडवली. प्रवाह सुरू झाला की आवर्ती तुकड्याच्या आत, वेगवेगळ्या ऑर्बिटलवरच्या जोड्या आपापल्या लहरी थोड्या सावरून घेतात. जुन्या सूत्रात ही सावरासावर धरलेली नव्हती. ती धरली की उत्तर असं येतं: ऑर्बिटल शक्य त्या सर्व जागी ठेवून बघा, आणि ज्या मांडणीत क्वांटम अंतराची बेरीज सर्वांत लहान येते ती घ्या. स्फटिकाची सममिती चांगली असली तर ऑर्बिटल पुष्कळदा नेमक्या त्याच जागी बसलेले सापडतात, म्हणूनच चूक काही काळ दिसली नव्हती. आपलंच सूत्र दुरुस्त करणाऱ्या निबंधावर टर्मा यांचं नाव असावं, ही या कथेतली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

पालघरहून लोकलने चर्चगेट गाठलं आणि तिथून बसने कुलाब्याच्या टोकाला गेलं, की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. होमी भाभांनी १९४५ मध्ये ती उभी केली. तारापूरच्या अणुवीज केंद्राची आखणीही त्यांच्याच काळातली. संस्थेतल्या मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेत ग्राफीनचे थर सोलून, फिरवून, एकमेकांवर ठेवण्याचं काम चालतं. २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेले देशमुख, त्यांचे विद्यार्थी आणि आयआयटी कानपूरचे अमित अग्रवाल यांचा गट यांनी २०२२ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्राफीनच्या दोन दुहेरी थरांना एकमेकांच्या तुलनेत थोडं फिरवलं होतं. त्यांना बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकांचं आवरण होतं, जे जगभरच्या अशा प्रयोगशाळांना जपानमधल्या वातानाबे आणि तानिगुची या दोघांकडून जातं.

प्रयोगात सातपाटीचं जाळं पुन्हा भेटतं. अशा पदार्थात बेरी वक्रता संवेगाच्या एका भागात अधिक आणि दुसऱ्यात तेवढीच उणे असते, बेरीज शून्य. त्यातून काही मोजायला मिळायचं तर ती असमान पसरलेली हवी, आणि तिन्ही दिशा सारख्या असलेल्या जाळीत तेही शक्य नसतं. पण थर एकमेकांवर ठेवताना थोडा ताण राहतोच. एक दिशा किंचित खेचली गेली की तिन्ही दिशांची बरोबरी मोडते, आणि वक्रता एका बाजूला कलंडते. मग एका वारंवारतेचा प्रवाह सरळ ढकलला, तर आडव्या दिशेला दुप्पट वारंवारतेचा व्होल्टेज दिसतो. चुंबक लागत नाही. गटाने वरून विद्युतक्षेत्र बदलत नेलं, तसं या कलंडण्याचं चिन्ह उलटं झालं, आणि त्यावरून संवेगाच्या त्या एकेका भागातली पट्ट्यांची चेर्न संख्या बदलली हे त्यांना ओळखता आलं. जी गोष्ट ऊर्जेच्या आलेखावर सरळ वाचता येत नाही, ती मोजयंत्रावर आली. असा परिणाम वक्रतेच्या बेरजेवर उभा नसून ती कुठे किती आहे यावर उभा आहे, म्हणून त्याच्या गणितात ऑर्बिटलच्या खऱ्या जागा धराव्याच लागतात. तिथे प्लॉट नंबरावर भागत नाही.

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हे सगळं घरी करून बघता येतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात डेव्हिड व्हँडरबिल्ट यांच्या गटाने तयार केलेला 'पायथटीबी' हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. तो आधी जाळीच्या दिशा विचारतो, मग ऑर्बिटलच्या जागा, आणि त्यानंतर उड्या. त्याच्यासोबत येणाऱ्या ग्राफीनच्या उदाहरणात दोन जागा दिलेल्या आहेत: पहिली दोन्ही दिशांना एक तृतीयांशावर, दुसरी दोन तृतीयांशांवर. दोन्ही अणूंच्या ऊर्जेत थोडा फरक ठेवा, म्हणजे ते बोरॉन नायट्राइडसारखं होईल. ऊर्जेचा आलेख आणि बेरी वक्रतेचा नकाशा काढून ठेवा. मग दोन्ही जागा शून्य करा आणि पुन्हा चालवा. पहिला आलेख रेघेला रेघ जुळेल. दुसरा जुळणार नाही.